मोठ्या मापाचं जॅकेट

१२ ऑक्टोबर, बुधवार

एरवी या वहीत मी वारा कुठला, पाणी किती चढलं आणि बदकं किती उतरली एवढंच लिहितो. आज त्यातलं काही लिहिणार नाही. मारिटचा फोन आला होता. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी बदकांच्या शिकारीला येते म्हणाली.

मी “बरं” म्हणालो. फोनवर मला दुसरं काही सुचत नाही. माझी बायको व्हर्ना शेजारी बटाटे सोलत बसली होती, तिने टेबलाखालून माझ्या तंगडीला लाथ मारली, तेव्हा “वा, छान” असंही म्हणालो.

मारिट आमची एकुलती एक. आठ वर्षांची होती तेव्हापासून माझ्या बोटीत बसते. बदकांना बोलवायची शिट्टी ती माझ्यापेक्षा चांगली वाजवते, हे मी तिच्यासमोर कधी कबूल केलेलं नाही. लग्न होऊन मिनियापोलिसला गेली तरी दर नोव्हेंबरला नदीवर हजर असायची. मग दोन वर्षांपूर्वी आदल्या दिवशी फोन केला, “बाबा, जमत नाही.” का, ते सांगितलं नाही. गेल्या वर्षी तर फोनही जावयाने केला, डेसमंडने. तेव्हापासून आम्हा बापलेकीचं बोलणं म्हणजे हवामान खातं. तिकडे पाऊस आहे का, इकडे ऊन आहे, ठेवू का.

मी मनाशी ठरवून टाकलं होतं की यंदा बोट माझ्या मित्राला, मिलोला विकायची. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती एकट्याने पाण्यात ढकलणं मला होत नाही आणि दुसऱ्या कुणाला सोबत घ्यावंसं वाटत नाही. पोरीला नदीचा कंटाळा आला असेल तर आला, जबरदस्ती थोडीच आहे. पण आता येते म्हणाली. ती आली तर बोट राहील. नाही आली तर नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआत बोट मिलोच्या अंगणात.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, “बाबा, माझं जुनं जॅकेट आता होत नाही. नवं घेऊन ठेवशील? पुरुषांचं घे. एक्स्ट्रा लार्ज.”

एक्स्ट्रा लार्ज म्हणे! शहरात राहून माणसाला स्वतःचं मापही कळेनासं होतं.

१५ ऑक्टोबर, शनिवार

जॅकेट आणलं. बायकांचं, मीडियम. रंग वाळक्या लव्हाळ्याचा, शिवणींवर आतून पट्टी मारलेली, बाह्यांच्या आत मनगटाला घट्ट बसणारी दुसरी बाही, म्हणजे थव्याला भुलवायला सोडलेली नकली बदकं उचलायला पाण्यात हात घातला तरी पाणी कोपरापर्यंत उतरत नाही. एवढं बघून घेणारे आता किती उरलेत?

व्हर्नाने लेबल पाहिलं. “तिने काय सांगितलं होतं?”

“तिचं माप मला माहीत आहे. मी तिचा बाप आहे.”

“बाप आहेस, शिंपी नाहीस. उद्याच्या उद्या परत कर.”

“अगं, त्या एक्स्ट्रा लार्जमध्ये ती दोनदा मावेल!”

“मग मावू दे दोनदा,” व्हर्ना म्हणाली आणि कपाटात तोंड खुपसून बराच वेळ काहीतरी शोधत राहिली. खांदे हलत होते. हसत होती की काय, देव जाणे. विचारलं तर ताकास तूर लागू देत नाही.

जॅकेटच्या बाबतीत मी जरा सोवळा आहे, मान्य. आमच्या घरात त्याला कारण आहे. माझा काका हाल्वर १९४० च्या अकरा नोव्हेंबरला सकाळी पातळ कोट घालून नदीवर गेला, कारण हवा वसंतातल्यासारखी होती. दुपारी वादळ आलं. त्या वादळात नदीवर बरीच माणसं दगावली. काका दुसऱ्या दिवशी बेटावर सापडला, झाडाला मिठी मारून गोठलेला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण माझ्या वडिलांनी मला चालायच्या आधी बटणं लावायला शिकवलं असं आई म्हणायची. माझ्या बोटीत बसणाऱ्याचं जॅकेट मी स्वतः तपासतो. ज्याला राग येईल त्याने काठावर बसावं.

२० ऑक्टोबर, गुरुवार

जॅकेट परत केलं. दुकानातली बाई म्हणाली, “लेकीला विचारून घ्या ना नीट.” म्हणून फोन केला.

मारिटला लांब जॅकेट हवं. मी म्हटलं, अगं, छातीपर्यंतची रबरी विजार घालून पाण्यात उतरलीस की लांब जॅकेटचा घेर भिजतो, म्हणून तर सगळे आखूड घेतात. तर म्हणाली, “मी विजार घालणारच नाही, बाबा. बोटीतच बसेन. समोरून ऊबदार असू दे. आणि चेन वरून, खालून, दोन्हीकडून उघडणारी.”

“नकली बदकं कोण मांडणार?”

“तू मांड. मी बघेन.” मग म्हणाली, “आणि बाबा, मी बंदूक आणणार नाही हं. मी फक्त शिट्टी वाजवीन.”

मी पुन्हा “बरं” म्हणालो. या वेळी लाथ मारायला व्हर्ना जवळ नव्हती.

फोन ठेवल्यावर फार वाईट वाटलं, ते इथे लिहून ठेवतो. बंदूक नको म्हणजे काय? शहरातल्या मैत्रिणींनी डोक्यात काही भरवलं असेल. बापाचं मन राखायला येतेय, दोन तास बोटीत बसेल, शिट्टी वाजवेल आणि पुढच्या वर्षीपासून तेही नाही. दयेपोटी येणार असेल तर मला नको ते येणं.

पण जॅकेट तर घ्यायलाच हवं. दयेपोटी आलेल्या माणसालाही थंडी वाजतेच.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

पुरुषांचं लार्ज आणलं, लांब. एक्स्ट्रा लार्ज म्हणजे अतिरेक, असं मला अजून वाटतं.

जॅकेट दुकानात कळत नाही. दुकानात सगळीच ऊबदार असतात. माझी पद्धत अशी: आत कोरडं वर्तमानपत्र घडी करून छातीला लावायचं, जॅकेट चढवायचं, अंगणात नळीने स्वतःला नखशिखान्त भिजवायचं आणि तसंच जाऊन मिलोच्या मांसाच्या दुकानामागच्या थंड खोलीत बसायचं. वर्तमानपत्र भिजलं की जॅकेट नापास.

मिलो कोलार माझा शाळेपासूनचा मित्र. दोन टांगलेल्या हरणांच्या मध्ये त्याने मला पेटी दिली बसायला. दर थोड्या वेळाने दार उघडून डोकावत होता.

“जिवंत आहेस का रे?”

“दार लाव. थंडी जातेय.”

“गिऱ्हाईक विचारतंय, आत कोण बसलंय. मी सांगितलं, वजनावर विकायला काढलाय, पण हाडंच फार.”

“मिलो, दार लाव.”

“एवढी तपासणी लग्न ठरवताना मी बायकोचीही केली नव्हती.”

“ते तुझ्या संसाराकडे बघून कळतंच.”

बाहेर आलो तेव्हा बोटं बधिर झाली होती आणि वर्तमानपत्राचा डाव्या बाजूचा कोपरा ओला. खिशाच्या शिवणीतून पाणी आलं होतं, अगदी पोटाशी. नापास.

मिलोने गरम कॉफी दिली आणि म्हणाला, “बोटीचं काय ठरलं? ट्रेलरला जागा करून ठेवू का?”

“बारा तारखेनंतर सांगतो.”

“ती येईल रे,” मिलो म्हणाला. त्याने चेष्टा केली नाही याचंच मला जास्त वाईट वाटलं.

२ नोव्हेंबर, बुधवार

शेवटी एक्स्ट्रा लार्जच. इतकं कुरूप जॅकेट मी जन्मात पाहिलं नाही. गुडघ्यापर्यंत लांब, चिखलाचा रंग, टोपी एवढी मोठी की आत माणूस आहे की नाही कळू नये. आतली ऊब पिसांची नाही. पिसं भिजली की गोळा होऊन बसतात. ही कृत्रिम भरण आहे, ओली झाली तरी ऊब देते. पोटाशी एक सलग आडवा खिसा, आत लोकरीचं अस्तर, दोन्ही हात घालून बसावं. मला वाटलं होतं हा खिसा म्हणजे नुसता नखरा. पण थंड खोलीत बसलो आणि सगळ्यात आधी पोटच गरम झालं. वर्तमानपत्र कोरडं ठणठणीत. मिलो म्हणाला, “यात मी पण आलो असतो.”

घरी आणून पलंगावर ठेवलं आणि आंघोळीला गेलो. बाहेर येऊन बघतो तर व्हर्ना ते अंगात घालून आरशासमोर उभी, आणि पोटाशी सोफ्यावरची उशी कोंबलेली. चेन वर-खाली करून पाहत होती.

“हे काय चाललंय?”

ती दचकली. “आत स्वेटर किती मावतात ते बघतेय.”

स्वेटर कपाटात ढीगभर पडलेले असताना उशी कशाला, हे मला कळलं नाही. पण इतक्या वर्षांच्या संसारात मी एक शिकलोय, काही प्रश्न विचारण्यापेक्षा जेवायला बसलेलं बरं.

चेन लागली, एवढं मात्र पाहिलं. व्हर्नाने जॅकेट घडी घालून ठेवलं आणि मला म्हणाली, “चांगलं घेतलंस, लाइल.” डोळे पुसत होती. जॅकेट पाहून रडणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

आली. मी खिडकीत उभा नव्हतो, सहज पडदा नीट करत होतो, तेवढ्यात गाडी दिसली.

मिठी मारताना आडवीच उभी राहिली, एका खांद्याने. तिचा स्वेटर तंबूएवढा. चेहरा भरलाय. मी म्हणालो, “शहरातलं खाणं मानवलेलं दिसतंय.” व्हर्नाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

रात्रीच्या जेवणाला मी स्वतः बदक केलं. छातीचा तुकडा, बाहेरून खरपूस, आतून गुलाबी, जसा आमच्या घरी तीन पिढ्या होतो. मारिट म्हणाली, “बाबा, माझा पूर्ण शिजव.”

“पूर्ण?”

“आत अजिबात लाल नको.”

पूर्ण शिजवलेलं बदक म्हणजे बुटाचा तळवा. ज्या मुलीने चौथीत असताना शाळेतल्या बाईंना बदक कसं कापावं यावर भाषण दिलं होतं, तिच्या तोंडून हे ऐकायचं! मी मुकाट्याने तव्यावर टाकून काळं केलं. ब्रँडीचा पेला पुढे केला, तर तोही नको. दूध प्यायली. डेसमंडचे तीन फोन आले. प्रत्येक वेळी ती दुसऱ्या खोलीत जाऊन हळू आवाजात बोलली. “हो, बसूनच आहे,” एवढं ऐकू आलं.

आणि मोरीत तिच्या पिशवीजवळ मोठ्या गोळ्यांची बाटली दिसली. मी वाचली नाही. दुसऱ्याच्या गोळ्या वाचू नयेत.

आता मला मैत्रिणींबद्दल काही वाटत नाही, बंदुकीबद्दलही नाही. पोरगी आजारी आहे. दोन वर्षं येत नव्हती ती त्यामुळेच असणार. म्हणून सैल कपडे, म्हणून बसून राहायचं, म्हणून व्हर्नाच्या डोळ्यांत येता-जाता पाणी. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी आणि मला सांगायचं धैर्य कुणालाच नाही. देवा, बोट हवी तर ने. ती घरी बसली, परत कधी नदीवर आली नाही, तरी चालेल. तिला काही होऊ नये.

१२ नोव्हेंबर, शनिवार

हे नीट क्रमाने लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

उजाडायच्या आधी धक्क्यावर पोचलो. बोट मिलोने कालच पाण्यात उतरवून ठेवली होती. वारा मंद, काठाला काचेएवढं पातळ बर्फ. मारिटने जॅकेट चढवलं, चेन वरपर्यंत लावली, मग दोन्ही हात त्या पोटावरच्या खिशात घातले आणि म्हणाली, “बाबा! हे तर घरच आहे.” मी म्हणालो, “तुझ्या आईने निवडलं,” जे खोटं होतं.

माझ्या बोटीचा नियम, लाइफ जॅकेटशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही. तिचं जुनं काढलं. पट्टे शेवटपर्यंत सैल केले तरी खालचा लागेना. मी गुडघ्यांवर बसलो, बॅटरी तोंडात धरली आणि दोन्ही हातांनी ओढायला लागलो.

“श्वास आत घे.”

“घेतलाय.”

“अजून घे जरा.”

“बाबा, हे आत जाणारं नाही.”

मी आणखी जोर लावला. तिने माझ्या हातांवर हात ठेवले.

“ओढू नकोस ना. बाळ आहे.”

बॅटरी तोंडातून पडली आणि घरंगळत बर्फावर गेली. मी तसाच गुडघ्यांवर. खुबा ठणकत होता, तोही नंतर आठवला.

“आजारी नाहीस?”

“नाही रे. पाचवा महिना चालू आहे.”

“तुझ्या आईला माहीत आहे?”

“हो. गेल्या महिन्यात सांगितलं.”

“मिलोला?”

ती हसायला लागली. “मिलोकाकाला कसं माहीत असेल?”

“मग ठीक आहे,” मी म्हणालो. म्हणालो खरं.

मग हसता हसता तिचा चेहरा बदलला. म्हणाली, “दोन वर्षांपूर्वी मी फोन केला होता ना, जमत नाही म्हणून? तो दवाखान्यातून केला होता. तीन महिन्यांचं होतं, गेलं. गेल्या वर्षी दुसरं गेलं, तेव्हा मला बोलताच येत नव्हतं. म्हणून डेसमंडने केला.”

आणि मी इथे हवामान विचारत होतो.

“मला का नाही सांगितलंस, पोरी?”

“तुला सांगितलं असतं तर तुझंही दुःख मला दिसलं असतं. माझंच पेलत नव्हतं. आज सांगणार होते, पाण्यावर गेल्यावर. तू आधीच पट्टा ओढलास.”

मी उठलो. “चल. गाडीत बस. घरी. या थंडीत बोटीत? वेड लागलंय का तुला?”

ती जागची हलली नाही. “डॉक्टरांना विचारून आलेय. पडायचं नाही, गारठायचं नाही, बंदुकीचा आवाज जवळ नको. बाकी चालेल म्हणाल्या.”

“पण कशासाठी?”

ती नदीकडे बघत होती. “यावेळीही काही झालं तर निदान हे एकदा नदीवर येऊन गेलेलं असेल. आधीची दोन कुठेच गेली नाहीत, बाबा. मी त्यांना कुठेच नेलं नाही.”

मी तिला जवळ घेतलं, आणि मध्ये एवढं मोठं जॅकेट असूनही या वेळी ती आडवी उभी राहिली नाही.

मग मी बंदूक परत गाडीत ठेवून आलो. माझं लाइफ जॅकेट तिला घातलं, ते बसलं. तिचं मी अंगात अडकवलं, माझ्या छातीवर ते मिटेना, म्हणजे स्वतःचाच नियम मोडून बोटीत बसलो. तिला दोन्ही हातांनी धरून बोटीत उतरवलं. इंजिन इतकं हळू चालवलं की मिलोने पाहिलं असतं तर वर्षभर चिडवलं असतं. लव्हाळ्यात शिरलो, नकली बदकं मी एकट्याने सोडली, आणि वाऱ्याच्या बाजूला मी बसलो.

हळूहळू उजाडलं. मग मी बोलायला लागलो. हे समोरचं बेट, याच्या मागे पाणी खोल आहे, तिकडे जायचं नाही. हा गाळ, यात पाय रुततो. वारा तिकडून आला की बदकं इकडून येतात. ते जे वाळलेलं झाड आहे त्यावर गरुड बसतो, त्याला घाबरायचं नाही, तो माणसाला काही करत नाही.

मारिट म्हणाली, “बाबा, मला माहीत आहे हे सगळं.”

मी म्हणालो, “तुला कोण सांगतंय?”

टोपी एवढी मोठी की चेहरा दिसला नाही. खिशातल्या खिशात तिचे हात हलले.

थोड्या वेळाने तिने शिट्टी वाजवली आणि लाल डोक्याच्या मोठ्या बदकांचा थवा वळला. वरून दोन घिरट्या घातल्या आणि आमच्या पुढ्यात सगळी पाण्यावर उतरली, इतकी जवळ की वल्ह्याने पाणी उडालं असतं त्यांच्या अंगावर. अख्ख्या आयुष्यात माझ्यासमोर अशी बदकं उतरली नव्हती, आणि बंदूक गाडीत. शपथेवर सांगतो, जराही हळहळ वाटली नाही.

“थंडी वाजतेय?” मी विचारलं.

“नाही. दोघांनाही नाही.”

२१ नोव्हेंबर, सोमवार

मारिटचा रोज फोन येतो. हवामानाचं कुणी काढत नाही. आज म्हणाली, सकाळपासून लाथा मारतंय. मी म्हणालो, आजीवर गेलंय.

मिलोला सांगितलं, बोट विकायची नाही. “का रे, काय झालं?” “माझी मर्जी.” मलाही गुपित राखता येतं.

एक गोष्ट मात्र जड जातेय. व्हर्नाने बजावलंय की बाळासाठी आधी काही घ्यायचं नाही. गेल्या वेळी त्यांनी पाळणा आणला होता आणि डेसमंडला तो एकट्याने परत द्यायला जावं लागलं. तेव्हा मारिटने कानाला खडा लावला. बरोबरच आहे तिचं. पण मला प्रेम करायची दुसरी रीत येत नाही. वस्तू आणायची, भिजवायची, तपासायची, नापास झाली की दुसरी आणायची. नुसतं थांबून राहणं मी कधी शिकलोच नाही.

आज पायरीवरच्या बर्फावर टाकायचं मीठ आणायला मोठ्या दुकानात गेलो होतो. मीठ राहिलं बाजूला, मी लहान मुलांच्या रबरी बुटांपुढे उभा. सगळ्यात धाकटा जोड माझ्या तळहातात मावत होता. शिवण आतून पाहिली, बोट घालून अस्तर पाहिलं. चांगला होता. पाणी शिरलं नसतं.

दुकानातली बाई जवळ आली. “केवढ्या मुलासाठी हवाय?”

मी बूट जागेवर ठेवले. “एप्रिलमध्ये येऊन सांगतो.”

“तोपर्यंत संपतील हो.”

“संपू देत,” मी म्हणालो. “एप्रिल तेवढा येऊ दे.”